सवाल झाला, जबाब राहिला

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या सांस्कृतिक केंद्रांच्या आणि नाट्यगृहांच्या व्यवस्थापन समित्या

सस्नेह नमस्कार.

मी पेटी वाजवते. तीस वर्षांहून जास्त काळ महिला मंडळांच्या भजनांना, शाळांच्या गॅदरिंगला, संगीत नाटकांच्या तालमींना आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या केंद्रात होणाऱ्या कार्यक्रमांना साथ करत आले. पेटीवर बसलं की एका अंगाला प्रेक्षक दिसतात आणि दुसऱ्या अंगाला विंगेत आपल्या पाळीची वाट बघत उभे असलेले कलाकार. या पत्रात लिहिलंय ते त्या विंगेत बघितलेलं आहे.

गेल्या माघातली गोष्ट. एका केंद्रात शहरात राहणाऱ्या निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांच्या गाण्या-नाचांचा कार्यक्रम ठेवला होता. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण हे कमीअधिक फरकाने सगळीकडेच होतं. कल्पना मला इतकी आवडली की मानधनाचं न विचारताच हो म्हटलं. गणपतीत गोल फिरून नाचतात ती जाखडी होती, कोळीगीतं होती, गुजराती घरांतल्या बायकांचा गरबा होता. फर्निचरचं काम करणाऱ्या राजस्थानी कुटुंबांतल्या मुलींची घूमर, दोडामार्गाकडे रबर-अननसाच्या बागा करणाऱ्या मल्याळी घरांतल्या बायकांची तिरुवातिरा, आणि आंब्याच्या बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी मुलांचं गाणं. पत्रिकेवर १४ नावं. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं धरून वेळ दोन तास. एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटं यायची होती. भाषणं लांबली आणि पाचाची चार झाली.

नेपाळी मंडळी सहा जण होती. चार मुलगे, दोन मुली, मोठीच्या कडेवर वर्षाचं बाळ. दिवसभर मोहोराच्या फवारणीला राबून, अंघोळ करून, धुतलेले शर्ट घालून बागायतदाराच्या टेम्पोतून आली होती. एकाच्या डोक्यावर ढाका टोपी, त्याच्याच गळ्यात आडवं मादल, म्हणजे दोन तोंडांचा नेपाळी ढोल. निवेदिकेने सांगितलं, "आता आपले गुरखा बांधव एक नृत्य सादर करतील." ते नृत्य नव्हतं, दोहोरी होती. दोहोरीत दोन पक्ष असतात, एकीकडे मुलगे आणि दुसरीकडे मुली. एक पक्ष गाण्यातून प्रश्न टाकतो, दुसरा तिथल्या तिथे शब्द जुळवून उत्तर देतो, आणि मध्ये सगळे मिळून धृपद म्हणतात. रंगली तर रात्र पुरत नाही.

मुलांनी लांब हेल काढत सुरुवात केली. मादलाचा ठेका लागला. प्रश्न गाऊन झाला, धृपद झालं. मोठ्या मुलीने बाळ दुसरीच्या हातात दिलं, माइकपाशी आली, श्वास घेतला, आणि साउंडवाल्याने माइक बंद केला. त्याला खालून खूण झाली होती. निवेदिका टाळ्या वाजवत पुढे आली, गरब्याचा ट्रॅक सुरू झाला. टोपीवाल्या मुलाचा हात मादलावर तसाच राहिला होता. त्या मुलीने ओढणी सारखी केली, बाळ परत घेतलं, आणि सहाही जण खाली मान घालून विंगेतून मागे निघून गेले.

पुढचे सगळे ट्रॅकवर नाचणार होते, मला काम नव्हतं. मी उठून मागे गेले. पाण्याच्या टाकीजवळ जाखडीची मुलं पायांत चाळ बांधत बसली होती. त्यांचा शाहीर त्या नेपाळी मुलाला विचारत होता, "सवाल झाला, जबाब ऱ्हायला ना तुमचा?" मुलाला मराठी बेताचंच येत असावं, पण 'सवाल-जबाब' त्याला बरोबर कळलं. तो हसला. मुलीकडे बघितलं. आणि त्या टाकीजवळ, स्कूटरच्या रांगेत उभं राहून तिने उत्तर गायलं. मग मुलांनी पुन्हा प्रश्न टाकला, तिने पुन्हा उत्तर दिलं. वीसेक मिनिटं चाललं असेल. शब्द आम्हा कुणालाच कळत नव्हते. पण कुणी कुणाला पेचात पकडलं, कोण निसटलं, कुठल्या ओळीवर मुलांची बोलती बंद झाली, हे एकूण एक जाखडीवाल्याला कळत होतं आणि बरोबर त्याच जागी ते दाद देत होते. कारण ते स्वतः तेच करतात. शक्तीवाले आणि तुरेवाले, एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जबाब द्यायचा, गणपतीत रात्रभर. आमच्या सिंधुदुर्गातली डबलबारी तरी वेगळी कुठे आहे? दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने रूपक मांडलं की दुसऱ्याने त्यावर चढ करायची. डोटीतल्या किंवा पोखऱ्यातल्या डोंगरावरचा माणूस आणि संगमेश्वरचा कुणबी शाहीर यांची ओळख व्हायला दुभाष्या लागला नाही.

एक गोष्ट अगदी जवळून बघितली ती सांगते. जाखडीच्या ढोलकीवाल्याने मादल मांडीवर घेतलं आणि आधी वाजवलंच नाही. बोटाने दोन्ही तोंडांवरची शाई चाचपली. आपल्या ढोलकीला वरून शाई असते ती एकाच तोंडाला, धुमाच्या, म्हणजे खर्जाच्या बाजूला मसाला आतून लावलेला असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला आपण वाजवण्याआधी ओली कणीक लावतो. मादलाला दोन्हीकडे काळी गोल शाई. "दोन्हीकडं? मग धूम कशी निघते?" असं तो पुटपुटला आणि डाव्या तळव्याने हलकी थाप मारली. निघाली. गोल, खाली बसलेली. त्याने मान वर करून त्या मुलाकडे बघितलं. इतका वेळ त्या दोघांत एक शब्द झाला नव्हता.

आत सभागृहात दोनेकशे माणसं बसली होती. कार्यक्रम त्यांच्यासाठी होता, आणि त्यातला खरा कार्यक्रम त्यांनी पाहिलाच नाही.

समितीच्या सभासदांनो, माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक कलेला तिचा पुरता वेळ द्या. १४ समाजांना एका संध्याकाळी चार-चार मिनिटं देण्यापेक्षा एका संध्याकाळी दोघांना बोलवा आणि त्यांचं गाणं पुरं होऊ द्या.

ही मागणी बाहेरून आलेल्या लोकांपुरती नाही. माझे वडील दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवायचे. लहानपणी जत्रेच्या दिवसांत मी त्यांच्या पेटीशेजारी घोंगडीवर झोपायचे. आधी आडदशावतार, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळ्या वेशातला वेद पळवणारा संकासुर. त्यातच बराच वेळ जायचा. मुख्य आख्यान लागायचं तेव्हा आमच्यासारखी पोरं झोपलेली असायची. मला जाग यायची ती युद्धाच्या झांजांनी, पहाटे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. राजा दरबारात येतो आणि संवाद उभ्या उभ्या सुचत जातो. समोरचं पात्र काय बोलतं त्यावर पुढचं ठरतं, आणि पेटीवाल्याला कान टवकारून बसावं लागतं, कारण पद कधी सुरू होईल याची कुणी खूण देत नाही. त्या कलेला तुमच्या महोत्सवात २० मिनिटं मिळतात. २० मिनिटांत तिचं काय उरतं? मुकुट, तलवारी आणि आरडाओरडा. मग तरुण मुलं म्हणतात की दशावतार म्हणजे नुसता गोंगाट. त्यांना तेवढंच दाखवलं गेलं, त्यांचा काय दोष?

नमनाचंही तेच. शिमग्यात अंगणात नमन लागतं तेव्हा मृदंगाच्या साथीने एकेका देवाला वंदन करत, गण-गवळण करत गोष्ट वगापर्यंत यायला रात्रीचा एक वाजतो. स्पर्धेसाठी म्हणून त्याचं 'अर्ध्या तासाचं नमन' करून घेतलं जातं. मी अशा दोन स्पर्धांना परीक्षक होते. दोन्हीकडे सगळ्या मंडळांनी वंदन कापलं आणि संकासुराचा नाच वाढवला, कारण टाळ्या त्यालाच पडतात. नियम आम्हीच केला होता, त्यांनी तो पाळला.

आता वेळेइतकीच मोठी गोष्ट, जागा.

आपली नाट्यगृहं ज्या घाटाची आहेत त्यात प्रेक्षक एका बाजूला आणि कलाकार चौकटीत. संगीत नाटकाला हे चांगलं. पण किनाऱ्यावरच्या आणि किनाऱ्यावर येऊन राहिलेल्या बहुतेक कला गोल आहेत. जाखडीत शाहीर आणि ढोलकीवाला मधोमध बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात आणि त्यांची तोंडं आत असतात. पालघरकडे वारली मंडळींच्या तारपा नाचात तारपेवाल्याकडे कुणी पाठ करत नाही. तो वळेल तशी साखळी वळते. गरबा दिव्याभोवती, तिरुवातिरा दिव्याभोवती, आमच्या गौरीच्या फुगड्या आणि फेर, तेही गोलच. या सगळ्यांना चौकटीच्या स्टेजवर चढवलं की पहिल्या रांगेला पाठी दिसतात. मग कुणीतरी नृत्यदिग्दर्शक त्यांना सरळ रांगेत उभं करतो आणि प्रेक्षकांकडे बघून हसायला सांगतो. जाखडीची मुलं शाहिराकडे पाठ करून नाचू लागली की त्यांना त्याचा श्वास दिसत नाही, ठेका बदलायची वेळ कळत नाही. म्हणून शाहिराऐवजी ट्रॅक येतो. एका स्टेजच्या आकाराने अख्खी कला कशी बदलते हे मी पंधरा-वीस वर्षांत डोळ्यांनी बघितलंय.

उपाय तुमच्या दारात आहे. जवळजवळ प्रत्येक केंद्रासमोर गाड्या लावायचं मोकळं आवार आहे. तिथे संध्याकाळपुरत्या गाड्या लावू देऊ नका. सतरंज्या टाका, चारी बाजूंनी लोक बसू द्या, मध्ये दिवा किंवा शाहीर बसू द्या. कमी खर्चात होतं. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याच्या जागेत ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथी बघायची तर कथेकऱ्याच्या समोर, हातभर अंतरावर बसावं लागतं. तो एकेक चित्र उचलतो, वीणा आणि हुडुकाच्या साथीने गोष्ट सांगत ते पुढे धरतो. पाचशे खुर्च्यांच्या सभागृहात शेवटच्या रांगेला ते चित्र टपाल तिकिटाएवढं दिसेल. अंगणात पन्नास माणसांना ते पुरं दिसतं. पन्नास माणसांचा कार्यक्रम हाही कार्यक्रमच धरावा, त्याची नोंद वार्षिक अहवालात व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

समितीच्या एका बैठकीत मला सांगितलं गेलं की पैसा आणि तारखा आधी स्थानिक कलेला, मग बाहेरच्यांना. मी स्थानिकच आहे, माझ्या सात पिढ्या याच मातीतल्या. म्हणून हे मोकळेपणाने लिहिते. बाहेरचं म्हणजे नक्की काय, ते माझ्या वाद्यावरून बघा.

पेटी इथली नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ती घडली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल असं रूप दिलं. माझ्या वडिलांच्या पेटीत पॅरिसचे सूर होते आणि ते त्यांना सोन्यासारखे जपत. हे वाद्य आपलं नाही, त्यातून आपल्या गाण्याचे बारकावे निघत नाहीत, असं म्हणत आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या तीसेक वर्षांत कोकणातल्या एकाही बुवाने पेटी खाली ठेवली नाही. आज पेटीशिवाय भजनाला बसा म्हटलं तर आमच्या गावातलं लहान पोरही हसेल.

घुमट घ्या. मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं. तेरेखोल नदीच्या अलीकडे आम्ही गणपतीच्या आरतीला घुमट वाजवतो. पलीकडे गोव्यात ख्रिस्ती घरांत मांडो ही कोकणी गाणी गातात तेव्हा व्हायोलिनबरोबर तोच घुमट असतो. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आणि पुढे बकरीचं कातडं वापरात आलं. गोव्याने २०१९ साली घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. आपल्याकडच्या एखाद्या केंद्रात आरतीवाले आणि मांडोवाले असे दोन घुमटकार एका संध्याकाळी बसले आहेत, हे मी अजून बघितलेलं नाही. सावंतवाडीहून पेडणे किती लांब आहे?

आणि इतिहासात थोडं मागे जाऊन बघा. अलिबागच्या बाजूचे बेने इस्रायली ज्यू, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, त्यांच्यात १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनं सुरू झाली. अब्राहामाची, योसेफाची आख्यानं साकी-दिंडी या वृत्तांत बांधलेली. आपल्याच कीर्तनाचा साचा, आपलीच भाषा, कथा तोरा या त्यांच्या धर्मग्रंथातली. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले आणि ती कीर्तनं इथल्या कानांवरून उतरली. अलिबागला सिनेगॉग उभा आहे, त्या कीर्तनाची एक संध्याकाळ मात्र कुठल्या केंद्रात झाल्याचं मला आठवत नाही. मुरुडला सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत होतं. मूळचे आफ्रिकेतून आलेले हे लोक. उत्तर कन्नडमधले सिद्दी आजही दमाम हा ढोल वाजवून नाचतात आणि घरात कोकणी बोलतात. त्यांना बोलवलं तर मालवणच्या प्रेक्षकाला त्यांचं निम्मंअधिक बोलणं सहज समजेल.

रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत कैदेत राहिला. त्याचा राजवाडा आपण पाहुण्यांना दाखवतो. त्याच्या देशाचं संगीत कसं वाजतं, हे विचारलं तर मला आणि तुम्हालाही सांगता येणार नाही. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने सयामची अयुथ्या जिंकली तेव्हा तिथले नर्तक-वादक बरोबर आणले, आणि त्यांच्याकडून रामकथेचं नाट्य ब्रह्मी दरबारात रुजलं. म्हणजे ज्या राजाला कोकणात आणून ठेवलं त्याच्या दरबारातही रावण मुखवटा चढवून नाचत होता, आणि इथे नमनातही रावण नाचतो. या दोन रावणांना एका रात्री एका अंगणात बघावं ही माझी फार जुनी इच्छा आहे.

आता व्यवहाराचं बोलते, कारण अडतं ते तिथेच.

तारखा. केंद्रांचे महोत्सव महाराष्ट्र दिनाच्या आसपास नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत ठरतात, पाहुण्यांच्या सोयीने. कलाकारांचं पंचांग निराळं आहे. दशावतारी कंपन्या कार्तिकापासून जत्रांमध्ये रोज रात्री बांधलेल्या असतात. नमनवाले शिमग्यात, जाखडीवाले भाद्रपदात. नेपाळी मंडळी पाऊस सरला की बागांत येतात आणि आंबा उतरला की निघून जातात. बोटींवरचे खलाशी, त्यात आंध्रचे, उत्तर प्रदेशचे, नेपाळचेही, १ जूनला मासेमारी बंद झाली की गावी जातात. १ मेच्या सुमारास बागेतल्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते, आणि तुम्ही म्हणता त्यांच्याकडून प्रतिसाद नाही. बोटी धक्क्याला कधी असतात, ते विचारूनच तारीख ठरवा. बंदरावर जाऊन एकदा विचारा.

रात्री दहाची मर्यादा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम उघड्यावरच्या लाउडस्पीकरला, आणि २०१० च्या दुरुस्तीपासून वाद्यांनाही, रात्री १० ते सकाळी ६ मनाई करतात, हे बरोबर आहे आणि ते पाळलंच पाहिजे. पण बंद सभागृहात आतल्या आत आवाज ठेवला तर त्याच नियमांत सूट आहे. शिवाय वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ ची सवलत राज्याला देता येते, आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. तेव्हा 'दहा वाजता बंद' हे उत्तर दशावताराला देण्याआधी नियम पुरा वाचावा अशी विनंती आहे. अंगणातल्या कार्यक्रमालाही वेळेची हीच मर्यादा आहे, पण त्याला लाउडस्पीकर लागतच नाही. मृदंग, चाळ आणि शाहिराचा गळा यांनी कोकणातली अंगणं शेकडो वर्षं भरली आहेत.

पैसे. केंद्राचं भाडं, अनामत, साउंड, लाइट, सफाई असं धरून जी रक्कम होते ती लग्नाच्या रिसेप्शनला परवडते, नमन मंडळाला परवडत नाही, बागेतल्या मजुराचा तर प्रश्नच येत नाही. आठवड्यातल्या मधल्या वारी तुमची सभागृहं रिकामी असतात, कुलूप लावलेली. महिन्यातला असा एक वार नाममात्र भाड्याने लोककलांसाठी राखून ठेवा. आणि मानधन द्या. शाल-श्रीफळ आदरासाठी असतं, त्याने मजुरी भरून निघत नाही. त्या नेपाळी मुलांची त्या दिवशीची संध्याकाळची मजुरी बुडाली होती, हे मला नंतर बागायतदाराकडून कळलं.

दुरून कलाकार आणायचे तर पैसा कुठून, हा प्रश्न खरा आहे. केंद्र सरकारची ७ क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं देशात आहेत आणि महाराष्ट्र उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र केंद्राशी जोडलेला आहे, नागपूरच्या दक्षिण-मध्य केंद्राशीही. एका राज्याच्या लोककला दुसऱ्या राज्यात नेणं हे त्यांचं कामच आहे. परदेशी पथकांसाठी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आहे. ही पथकं मुंबई-पुण्यात येऊन परत जातात. तालुक्याच्या गावाने पत्रच पाठवलं नाही तर त्यांना आपलं गाव ठाऊक कसं होणार? असं पत्र लिहायचं असेल तर मी बसून लिहून देईन.

निवेदनाबद्दल थोडक्यात. निवेदकाने कलाकारांशी आदल्या दिवशी अर्धा तास बोलावं. वाद्याचं नाव, गाण्याचा प्रकार, कुठल्या प्रसंगी गातात, एवढं विचारावं. मादलाला ढोलक म्हणू नये. धवलारणीला 'लोकगायिका' म्हणून मोकळं होऊ नये. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी ती बाई आहे, पुरोहिताच्या जागी बसणारी, आणि तिचा मान तेवढा आहे.

प्रेक्षक येत नाहीत, कंटाळतात, असं तुम्ही म्हणाल. चार मिनिटांच्या तुकड्यांना माणसं कंटाळतात हे मी रोज बघते, निम्मे मोबाइलमध्ये असतात. पण पहाटे तीनला जत्रेत थंडीने कुडकुडत बसलेला प्रेक्षकही मी बघितलाय, आणि तो याच गावांतला आहे. त्याला बसायला गोष्ट लागते, जी सुरू होते, गुंतते आणि संपते.

त्या संध्याकाळी निघताना मी त्या मोठ्या मुलीला विचारलं की शेवटचं उत्तर काय दिलंस, ज्यावर सगळे हसले. तिने थोडं मराठी, थोडं हिंदीत सांगितलं. मुलांनी विचारलं होतं, तुमच्या डोंगरावर बर्फ आणि इथे समुद्र, तुझं मन कुठे लागतं? ती म्हणाली होती, मन बाळाच्या मागे रांगतं, ते जिथे थांबेल तिथे. हे दोनशे माणसांना ऐकायला मिळालं असतं.

दिवाळी झाली की ती मंडळी पुन्हा बागेत येतील. शाहिराला मी विचारून ठेवलंय, मार्गशीर्षात त्याचं मंडळ मोकळं आहे. एका बाजूला शक्ती-तुरा, दुसऱ्या बाजूला दोहोरी, तुमच्यापैकी ज्या केंद्राचं आवार मिळेल तिथे. तारीख दसऱ्यापर्यंत कळवलीत तर बागायतदाराला आधी सांगता येईल आणि त्यांची मजुरी बुडणार नाही. सतरंज्या आमच्या भजन मंडळाच्या आहेत, त्या मी आणते.

आपली,
एक पेटीवादक